घोरण्याचं मत

आमच्या शहराच्या महापालिकेत आज नगरसेवक किती, हे महापालिकेत जाऊन विचाराल तर तिथला माणूस फाइल शोधायला आत जाईल आणि जेवूनच बाहेर येईल. मला विचारा. एकूण जागा पंचेचाळीस. त्यातल्या दोन रिकाम्या, एक निवर्तल्यामुळे आणि एक रुसल्यामुळे.

चौतीस वर्षं मी त्या सभागृहात इतिवृत्त लिहीत होतो. कोण काय बोललं, कोणी हात वर केला, कोण सभात्याग करून गेलं आणि चहा पिऊन परत आलं, याची नोंद. व्यासपीठाच्या बरोबर खाली माझं टेबल. एकदा एका नगरसेवकाने भाषणाच्या भरात अशी मूठ आपटली की माझ्या दौतीतली शाई उडून विरोधी पक्षनेत्याच्या शर्टावर शहराचा नकाशा उमटला. नदीसकट. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण पुढच्या वर्षी वॉर्डांच्या हद्दी त्याच शर्टावरून आखल्या.

आणि या चौतीस वर्षांत मी त्या सभागृहात एक शब्द उच्चारला नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. शिंकसुद्धा मी मधल्या सुट्टीपर्यंत राखून ठेवायचो. लोक निवृत्त होताना घड्याळ मागतात, मी मनातल्या मनात पाच मिनिटं मागितली होती, वर व्यासपीठावर उभं राहून. ती कोणी दिली नाहीत.

निवृत्तीनंतर सुनेने मला इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं आमच्या महापालिकेचं पान दाखवलं. त्या पानावर कोणीही दुरुस्ती करू शकतं, असं ती म्हणाली आणि तिथेच चुकली, कारण त्या दिवसापासून घरातला संगणक तिला मिळाला नाही. पहिल्याच वाचनात मी सात चुका काढल्या. एक महापौर तर मरणानंतर दोन वर्षं पदावर दाखवले होते. मी 'खर्डेघाशा' या नावाने खातं उघडलं आणि रोज सकाळी दाढी केल्यावर पान तपासायला लागलो. कोण कोणत्या समितीवर गेलं, कोणी पक्ष बदलला, कोणी परत बदलला, सगळं अचूक.

पाच वर्षं सुखाची गेली. मग माझ्या साडूने चष्म्याचं दुकान बंद केलं आणि त्याला वेळ मिळाला.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस मऊ, बोलणं मऊ, हाताचे तळवेसुद्धा मऊ. महापालिकेत उभ्या आयुष्यात एकदा गेला, तोही दुकानाच्या पाटीची परवानगी काढायला. पण तीस वर्षांची वर्तमानपत्रांची कात्रणं त्याच्याकडे खोक्यांत लावून ठेवलेली. 'सूक्ष्मदर्शी' असं नाव घेऊन तो माझ्या पानावर उतरला आणि एकेका वाक्यामागे कात्रणाचा संदर्भ जोडत सुटला. वर्षभरात पानाला उत्तम लेखाचा तारा मिळाला. तारा पानाला, पण वाहवा त्याची. माझ्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं त्याला औषध नाही.

त्यात एका रविवारी तो आमच्याकडे जेवताना म्हणाला, "दादा, रागावू नका, पण तुमच्या एकवीस वाक्यांपुढे मी 'संदर्भ हवा' लावलंय."

"मी तिथे बसलो होतो," मी म्हणालो.

"होतात हो. पण तुम्ही छापील नाही."

"भाऊजी, मनावर घेऊ नका," माझी मेहुणी म्हणाली. "हे माझ्याकडे आमटीच्या मिठालासुद्धा पुरावा मागतात."

सगळे हसले. माझी बायको जरा जास्त हसली. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "काही म्हणा, धाकटीचा नवरा पद्धतशीर आहे." चौतीस वर्षं मी सभागृहात गप्प बसलो होतो, ती सवय उपयोगी पडली.

मग महापालिकेला शंभर वर्षं झाली. नगरसचिवबाईंनी पानाच्या चर्चेत लिहिलं की शताब्दीच्या सभेत या पानाची निगा राखणाऱ्या एका व्यक्तीने सभागृहात दहा मिनिटं बोलावं, व्यक्ती तुम्हीच आपसात ठरवा. आम्ही पानाचे राखणदार पाचजण: मी, साडू, एक निवृत्त बस कंडक्टर, एक ग्रंथपाल आणि फक्त स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्या एक बाई. संध्याकाळपर्यंत तिघांनी साडूचं नाव लिहिलं. खाली मीही 'पाठिंबा' असं लिहिलं. न लिहितो तर जळतोय हे चार गावांना कळलं असतं.

व्यासपीठ माझं आणि त्यावर उभा राहणार चष्मेवाला. दोन दिवस मला चहा गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या साप्ताहिकाच्या संपादकबाई घरी आल्या. शताब्दीच्या अंकासाठी त्यांना सभागृहातल्या आठवणी हव्या होत्या. माझ्याकडे खऱ्या आठवणी दोन होत्या, दोन्ही पाणचट. आणि बाईंनी वही उघडली तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या साप्ताहिकात छापून आलेली प्रत्येक ओळ साडू कात्रीने कापतो आणि पानावर लावतो. तर मग त्याने एक चकचकीत खोटं लावावं, मी दफ्तरखान्यातून मूळ इतिवृत्त काढून सगळ्यांपुढे ठेवावं, आणि साडूबुवांनी तोंडघशी पडावं. व्यासपीठ मोकळं.

मी बाईंना सांगितलं, "आपला पोहण्याचा तलाव आहे ना, तो घोरण्याने बांधलाय."

"म्हणजे?"

"ठरावाच्या बाजूने बावीस, विरोधात बावीस. निर्णायक मत महापौरांचं. तेव्हाचे आपले छत्रीवाले महापौर, उन्हातसुद्धा छत्री सोडायचे नाहीत. सचिवांनी विचारलं, महोदय, आपलं मत? आणि महोदय गाढ झोपलेले. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तेवढ्यात वरून एक लांबलचक घोरणं आलं. शेवटी जरा खाली उतरलं, होकारार्थी. सचिवांनी जाहीर केलं, ठराव मंजूर."

बाई हसून हसून बेजार झाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण इतिवृत्तात तुम्ही काय लिहिलंत?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण गोष्ट रंगात आली होती आणि रंगात आलेली गोष्ट मला सोडवत नाही. मी म्हणालो, "मोठ्या माणसाची अब्रू हो. महापौरांनी बाजूने मत दिलं, असं लिहून मोकळा झालो."

खरं सांगायचं तर महापौर त्या दिवशी टक्क जागे होते, तोंडात लिमलेटची गोळी होती, आणि गोळी गालात सारून त्यांनी स्पष्ट 'हो' म्हटलं होतं.

गुरुवारी अंक आला. शुक्रवारी बायकोने संगणकावरून हाक मारली, "तुमची गोष्ट लावली बघा त्यांनी पानावर. पहिल्याच परिच्छेदात. संदर्भ क्रमांक अठ्ठ्याऐंशी. मला कशी नाही सांगितलीत इतक्या वर्षांत?"

मला शेजाऱ्याला मिठी मारावीशी वाटली. सोमवारी दफ्तरखान्यात जाऊन मी ते जुनं इतिवृत्त काढलं. माझंच अक्षर: 'बावीस विरुद्ध बावीस. मा. महापौरांनी ठरावाच्या बाजूने निर्णायक मत दिले.' त्याचा फोटो चर्चेत टाकला आणि हात चोळत बसलो.

अकरा मिनिटांत सूक्ष्मदर्शी यांचं उत्तर आलं. 'मुलाखतीत सांगितल्याप्रमाणेच इतिवृत्तात लिहिलेले दिसते. त्यामुळे मुलाखतीला पुष्टी मिळते. छायाचित्राबद्दल मनःपूर्वक आभार. संदर्भ क्रमांक एकोणनव्वद म्हणून जोडत आहे.'

स्वतःच्या हाताने विणलेल्या जाळ्यात मी असा अडकलो की कोळ्यानेसुद्धा मान खाली घालावी. पण एक आशा होती. छत्रीवाले हयात होते. नव्वदीचे, पण कान आणि तोंड शाबूत. ते काही स्वतःची बदनामी सहन करणार नाहीत. त्यांच्या घरी गेलो तर ते नवा शर्ट घालून खुर्चीत बसलेले.

"वाचलं मी," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही जागे होतात. मी शपथेवर सांगतो."

"अरे, बारा वर्षं माझ्या दाराची घंटा वाजली नव्हती. परवापासून सतरा जण येऊन गेले. तलावावर पोहणाऱ्या बायकांनी फुलं पाठवली. नातसून मला आजोबा म्हणायला लागली, आधी 'ते आतले' म्हणायची."

"पण खरं काय ते..."

"तू म्हणालास मी झोपलो होतो, तर मी झोपलो होतो."

"मी आता म्हणतोय तुम्ही जागे होतात."

"आता म्हणतोयस ते कुठे छापून आलंय?"

पुढच्या गुरुवारी त्यांची मुलाखत आली, झोपेच्या वर्णनासकट. संदर्भ क्रमांक नव्वद. महापालिकेने शताब्दीच्या प्रदर्शनात तलावाच्या चित्राखाली तीच हकीकत रंगवून घेतली.

त्याच रविवारी साडू घरी आला. माझ्यासमोर बसला, गुडघ्यावर मऊ हात ठेवून.

"दादा, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत. पाच तुम्ही घ्या. हा प्रसंग सभागृहाने तुमच्या तोंडून ऐकावा. सचिवबाईंची परवानगी काढली मी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती पाच मिनिटं मला किती हवी होती, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते साडूच्या चांगुलपणाने आलं होतं, हे काय मला कळत नव्हतं? माझं स्वप्नसुद्धा मला त्याच्या वाट्यातून मिळणार होतं. मी म्हणालो, "बघतो." बायको म्हणाली, "बघतो काय, येतील ते."

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं. साडू आधी बोलला. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, एकही वाक्य संदर्भाशिवाय नाही. टाळ्या. मग मी पायऱ्या चढलो. नऊ पायऱ्या होत्या. खालून मी त्या कधी मोजल्या नव्हत्या.

गोष्ट मी अशी सांगितली की ज्यांनी ती तीनदा वाचली होती तेही पोट धरून हसले. पहिल्या रांगेत छत्रीवाले उठून उभे राहिले आणि नमुन्यादाखल घोरून दाखवलं. गॅलरीत माझी बायको आणि मेहुणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. आणि मी खाली पाहिलं.

माझ्या टेबलावर नव्या इतिवृत्तलेखिका बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. मान खाली, हात चालू. कंसात 'हशा' लिहून पुढे. त्यांच्या कागदाचासुद्धा मला हेवा वाटला, काय सांगू. चौतीस वर्षांचं माझं इतिवृत्त नीरस होतं, त्यावर ढेकूणही झोपला असता, पण त्यात खोटी एक ओळ नव्हती. आणि सभागृहात मी काढलेला पहिलाच शब्द त्या वहीत खोटा जाणार होता.

"बाई," मी म्हणालो, "पुढचं नीट लिहून घ्या. महापौर जागे होते. त्यांनी 'हो' म्हटलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. घोरण्याची गोष्ट मी रचली, आणि ती माझ्या साडूला तोंडघशी पाडायला रचली."

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा यावर झाला. छत्रीवाले ओरडले, "झोपलो होतो मी." लेखिकाबाईंनी तेवढी मान वर केली.

"तोंडघशी, असंच लिहू?"

"असंच लिहा."

मी खाली उतरलो. साडू हसत नव्हता. त्याने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा केली.

"मला पाडायला?" तो हळूच म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, तुमचं नाव पानावर आलं तर तुम्हाला बरं वाटेल. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने येणार, म्हणून पहिल्या परिच्छेदात घेतलं."

मी म्हणालो, "ते काढा आता."

"इतिवृत्त छापून यायला महिना लागतो. नियमाप्रमाणे तोवर..."

"काढा म्हणतो ना."

त्याने खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच काढा."

मी वाक्य पुसलं. तिन्ही संदर्भ पुसले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सांगणाऱ्याने सभागृहात मागे घेतले', आणि जतन केलं. पान पुन्हा खरं झालं. मग लक्षात आलं की फोन त्याचा, खातं त्याचं. दुरुस्ती सूक्ष्मदर्शी यांच्या नावावर गेली होती. चार मिनिटांत बस कंडक्टरने खाली लिहिलं, 'सूक्ष्मदर्शी यांच्या तत्परतेला सलाम.'

"बघू," साडू म्हणाला, वाचलं आणि मऊपणे हसला. "सांगू का त्यांना, तुम्ही केलं म्हणून?"

"राहू दे."

गॅलरीतून मेहुणी खाली आली. "भाऊजी, माणसं पांगायच्या आत यांचा व्यासपीठावर एक फोटो काढा ना. तुमचा हात स्थिर आहे."

साडू नऊ पायऱ्या चढून उभा राहिला, कोटाचं बटण लावून. मी तीन फोटो काढले. तिन्हींत व्यासपीठ उत्तम आलंय, मागचं घड्याळ आलंय, कोटाचं बटणसुद्धा लखलखीत आलंय. डोकं मात्र एकाही फोटोत बसलं नाही.