सहाही धड पोचले

दिव्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काचेचं सामान कापसात बांधण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना कापूसकाका म्हणत. भुवयांवर, कानामागे, शर्टाच्या खिशात कुठे ना कुठे कापसाचा पुंजका असायचाच. त्यांनी बांधलेली खोकी समुद्रापार गेली; ते स्वतः मात्र गावाच्या वेशीपलीकडे फारसे कधी गेलेच नाहीत.

त्यांची सून पक्ष्यांचे फोटो काढायची. मागच्या दौऱ्यात तिची मोठी लेन्स बॅगेतल्या बॅगेत तडकली होती. त्यात आता तिचा खांदा दुखावलेला, आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केलेली. तळ्यावर क्रौंच उतरायला लागले होते, पुस्तकासाठी त्यांचे फोटो हवे होते, आणि तिचा नवरा शाळेत शिक्षक, त्याला परीक्षांमुळे हलता येत नव्हतं.

"मी येतो की," काका म्हणाले. म्हणून झाल्यावर ते स्वतःच दचकले.

"बाबा, तुम्ही? अहो, बसमध्येच आठ तास जातात. वर बोट."

"तू सामान दाखव आधी."

तिने बॅग उघडली आणि काकांनी कपाळाला हात लावला. कॅमेऱ्याला लेन्स तशीच लावलेली, बाजूला चार्जर सुटा. "अगं, हे बांधलंय का कोंबलंय?"

मग ते जमिनीवर मांडी घालून बसले. लेन्स काढून दोन्ही तोंडांना झाकणं लावली. एकेक लेन्स लोकरीच्या मोज्यात घातली. मोजे त्यांचेच, धुतलेले. बॅटऱ्या वेगळ्या डबीत ठेवल्या, टोकांना चिकटपट्टी लावून. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांनी कितीतरी वर्षं जमवल्या होत्या. घरात सगळे त्यावरून हसायचे. त्यातल्या कोरड्या पुड्या कोपऱ्याकोपऱ्यात गेल्या. उरलेल्या फटींत सुनेचे स्वेटर दाबून बसवले. बॅगेवर जुनी, विटकी पिशवी चढवली, म्हणजे आत काय आहे याचा कुणाला संशयही यायला नको. शेवटी बॅग कानाशी धरून हळूच हलवली आणि डोळे मिटून ऐकलं.

"काय ऐकताय?"

"काहीच नाही. तेच ऐकायचं असतं."

बसमध्ये त्यांनी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. खिडकीबाहेर आधी शेतं गेली, मग झाडं. मग धुकं आलं आणि सगळंच गेलं. बोटीत बसले तेव्हा पुढे पाणी होतं की आभाळ, तेच कळेना. इंजिनाचा आवाजसुद्धा दुलईखालून यावा तसा येत होता. खोक्यात बांधल्यावर दिव्यांना असंच वाटत असेल, काकांच्या मनात आलं. सगळीकडे मऊ पांढरं, आणि कुठे चाललोय याचा पत्ता नाही.

धक्क्याला लागल्यावर नावाडी सामान वर भिरकावू लागला. "ही नको! ही माझ्याकडे!" काका ओरडले, घाईने पाय टाकला, आणि धक्क्याच्या ओल्या पायरीवरून घसरून थेट गुडघाभर पाण्यात बसले. छातीपर्यंत भिजले. दोन्ही हात मात्र वर, आणि हातांत बॅग. सून आधी घाबरली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुक्कामाला घेतलेल्या घरात मालकिणीने शेगडी पेटवून ठेवली होती. काका कोरडे कपडे घालून ऊब घेत बसले. सुनेचा जीव बॅगेत अडकलेला.

"उघडून बघू का, बाबा? एकदाच."

"बिलकुल नाही. बाहेरच्या गारठ्यातून आलीये. एकदम ऊब लागली की काचेला घाम फुटतो, आणि तो आत शिरला की बसलीस पुसत. दोन तास तशीच राहू दे."

मग दोघं नुसती बसली. बाहेरचा उजेड दुधासारखा खिडकीला टेकला होता. काकांची नजर छताकडे गेली आणि तिथेच थांबली. पांढऱ्या काचेचा, लाटांच्या काठाचा दिवा. काठाखाली नखाएवढा निळा त्रिकोण, त्यांच्या कारखान्याची खूण.

"हा दिवा..." ते उभेच राहिले. "कुठून आणलात हो?"

"आईने मागवला होता," घराची मालकीण म्हणाली. "मी परकरात होते तेव्हा. सहा आले लांबून. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा एकेक गुंडाळलेला, असं आई कायम सांगायची."

"फुटका निघाला का एखादा?"

"छे! सहाही धड पोचले."

"आमच्या बाबांनीच बांधले असणार!" सून उसळून म्हणाली.

"आम्ही चाळीसजण होतो तिथे," काका म्हणाले. पस्तीस वर्षांत फुटलेल्या मालाच्या तक्रारी तेवढ्या कारखान्यात परत यायच्या. नीट पोचलेल्याची चिठ्ठी कधी कुणी धाडली नव्हती.

शेगडीपाशी त्यांचा डोळा लागला. स्वप्नात कधी न पाहिलेल्या घरांतून माणसं खोकी उघडत होती, हलक्या हाताने कापूस बाजूला करत होती, आणि एकेका खिडकीत दिवा लागत होता. कुणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

जाग आली तेव्हा सून मोज्यातून लेन्स काढत होती. काच कोरडी, लख्ख. तिने ती उजेडाकडे धरली आणि सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

सकाळी दोघं तळ्याकाठी गेली. धुक्यातून आधी नुसता आवाज आला, मग लांब राखाडी माना, मग पंख. सून फोटो काढत राहिली. तिने कॅमेरा पुढे केला तेव्हा काकांनी मान हलवली. त्यांना उघड्या डोळ्यांनीच पाहायचं होतं. थवा उठला, डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या काठाकडे विरघळला.

"तिकडे काय आहे गं?"

"कुणास ठाऊक. मीही कधी गेले नाही."

"बोट जाते का?"

"जाते. पण उद्या परत निघायचंय ना आपल्याला?"

"घरी फोन कर," काका म्हणाले. "म्हणावं, एक दिवस उशीर होईल." आणि उत्तराची वाट न बघता ते नावाड्याला हाक मारायला धक्क्याकडे निघालेसुद्धा.