पहिल्या पानावरचं कुंकू

केळझरात अण्णाजींचा ब्रश फिरला नाही अशी पाटी नव्हती. किराणा, पिठाची चक्की, ट्रॅक्टरच्या मागचं पोराचं नाव, सगळं त्यांचंच. गावाचा हिशेब चोख: इतकी नावं रंगवून घेतली आणि बदल्यात त्यांना एकच दिलं, ‘बोर्डवाले’. बोर्डवाले स्वतःला चित्रकार समजतात, ही चहासोबतची फुकट करमणूक.

‘चित्रकार अण्णाजी’ असं त्यांनी लिहिलं ते एकाच ठिकाणी. नागपूरच्या रद्दीत सापडलेल्या, चित्रकलेच्या तत्त्वांवरच्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या पानावर.

ते गेले, फ्लेक्स आले, पाट्या भंगारात गेल्या. मग यंदा नागपूरच्या एका कलादालनातून ओमप्रकाश नावाचे साहेब आले. विसरल्या गेलेल्या चित्रकारांच्या वस्तू मांडायच्या होत्या. हा ग्रंथ आता दुर्मिळ झालेला. त्यावर सही असली, तर काचेच्या कपाटाला अण्णाजींच्या नावाची पाटी लागणार होती.

“आईनं सकाळपासून दोनदा लुगडं बदललं,” अण्णाजींची सून छाया हसली.

“चूप व,” म्हणत आनंदाबाईंनी नवऱ्याचा ग्रंथ रेशमी फडक्यातून काढला.

साहेबांनी पहिलं पान उघडलं. लाल-पिवळा जाड थर. “हे काय?”

“दसऱ्याची पूजा. ते गेल्यापासून दरसाली त्यायच्या नावावर कुंकू लावते. माझ्या कपाळाले लावू देत नाई लोक. पुस्तकाले कोण अडवते?”

साहेबांनी नखानं हलकेच खरवडलं. थरासोबत कागदही निघाला.

“सही गेली, आजी. दौतीची शाई होती. ओल्या कुंकवानं उतरली.”

“नीट पाहा ना. तिथंच आहे.”

छाया धावत शेजारच्या किराणावाल्याला साक्षीला घेऊन आली. त्यानं हात पुसले, मोठ्या मनानं म्हणाला, “अण्णाजी ना? बोर्ड एक नंबर लिहीत होते, साहेब!” आणि आपण मदत केली अशा समाधानात गल्ल्यावर परत गेला.

साहेबांनी मान खाली घातली. “पुराव्याशिवाय त्यांचं नाव नाही लावता येत. देणगीदार म्हणून तुमचं लावतो.”

“माझं काऊन? मले त रांगोळीबी धड येत नाई.”

त्यांनी ग्रंथ पुन्हा फडक्यात बांधला. साहेबांचा चहा तसाच राहिला.

दसऱ्याला छायानं पूजेचं ताट आणून ठेवलं. आनंदाबाईंनी पान उघडलं, बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच हवेत धरून बसल्या.

“आई, लावा ना.”

त्यांनी बोट ताटाच्या काठाला पुसलं.