चुकीच्या कुशीवर

मूर्तिजापुरात स्टेशनाकडून येणाऱ्या गल्लीत नत्थुजींचे घर आहे. त्या घराच्या दाराला डावीकडून खांदा देणारा पिवळसर दगड, तो मी. नव्वद वर्षे मी गप्प होतो. अलीकडे माझी व्यथा मिटली, आणि मिटलेली व्यथा सांगताना संकोच वाटत नाही.

मी वाळूचा दगड. कुठल्याशा प्राचीन प्रवाहाने कणावर कण, थरावर थर अंथरून मला घडवले. पोथीची सुटी पाने एकावर एक निजवावीत, तसा माझा देह. तसा निजलेला असेन तोवर वरून कितीही भार येवो, माझे पान हलत नाही. उभे केले की पाने सुटू लागतात. खाणीतला कारागीर हे जाणत होता. म्हणून गाडीत चढवण्याआधी त्याने माझ्या अंगावर छिन्नीने एक बाण कोरला आणि त्यात गेरू भरला. बाणाचे टोक आभाळाकडे ठेवा, एवढाच त्याचा निरोप होता.

तो कोणी वाचला नाही. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश ठरला होता आणि चौकटीशेजारी एक उंच, अरुंद जागा भरायची राहिली होती. मला उभे केले की ती नेमकी भरत होती. घाईत मला उभे केले. बाण दाराकडे तोंड करून आडवा झाला, आणि मी चुकीच्या कुशीवर त्या घराचा भार घेतला.

पुढे नत्थुजींच्या मातोश्री सून म्हणून त्या दारातून आत आल्या. माझ्या अंगावरची तांबडी खूण त्यांना दिसली. शेंदूर आहे, म्हणजे देव असणारच! त्यांनी तेलात शेंदूर कालवून वर लावला आणि हात जोडले. मी ओशाळलो. त्यांच्या भावात तिळभर खोट नव्हती. खोट होती ती माझ्या बसण्यात.

त्यांच्या पश्चात नत्थुजींनी ती सेवा उचलली. ते पोस्टमन. गावभर दुसऱ्यांचे निरोप पोचवणाऱ्या या सज्जनाच्या स्वतःच्या दारातला निरोप मात्र शेंदराखाली दडत गेला. तीस वर्षे ते पहाटे पाचला उठले, स्नान करून मला तेल-शेंदूर लावला, खंजिरीवर दोन भजने म्हटली आणि मगच चहा घेतला. शेंदराचे कवच चार बोटे जाड झाले. पावसाचे पाणी भिंतीतून माझ्यात उतरे. पण कवचामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. ते आतल्या आत माझी पाने सोडवू लागले. वरून भार, पुढून कवच, आतून ओल. भक्तीने गुदमरणे म्हणजे काय, ते मी सोसले आहे.

गेल्या कार्तिकात एका सकाळी नत्थुजींचा हात लागताच कवच निखळले. त्याबरोबर दाराकडचे माझे एक अख्खे पान पायरीवर कोसळले. नत्थुजी खालीच बसले. गल्लीतले जाणते लोक आले. देव खंडित झाला, आता घरात ठेवू नये, पूर्णामाईत सोडावा, असा त्यांनी निवाडा दिला. नत्थुजींनी मला पांढऱ्या फडक्याने झाकले. दोन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. आपल्याच सेवेत काही चुकले, म्हणून देव उठून चालला, हा घोर त्यांना लागला होता.

मला नदीचे भय नव्हते. पाण्यानेच तर मला घडवले. भय याचे होते, की मी गेलो तर हा माणूस उरलेला जन्म स्वतःला अपराधी समजत काढील.

मला काढून देण्यासाठी श्रावण मिस्त्रींना बोलावणे गेले. त्यांनी फडके बाजूला केले, माझ्या अंगावरून मऊ कुंचा फिरवला आणि मध्येच थांबले. मग बाणाच्या खोबणीतून त्यांनी बोट फिरवले.

"काका, हा बाण आहे. माहा आजा खाणीत होता, तो असाच कोरे. हे टोक वर पायजे होतं. याले उभा कोंबला इथी, म्हणून फुटून राहिला."

नत्थुजींना ते कळायला वेळ लागला. कळले तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"म्हंजे तीस वर्सं मी बाणाची पूजा केली?"

उत्तर आले ते आतून. नत्थुजींच्या पत्नी पार्वताबाई तांदूळ निवडत होत्या. त्या सूप घेऊनच दारात आल्या.

"तीस वर्सं पाचले उठले, आंघोय केली, देवाचं नाव घेतलं, कोणाले शिवी नाई देली. बाणानं तुमचं काय वाईट केलं, गोपालचे बाबा? आता जेवून घ्या. त्या दगडाले सुखानं निजू द्या, अन् तुमीबी निजा."

नत्थुजी हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या दुपारी ते जेवले.

दुसऱ्या दिवशी वरच्या शिळेला सागाचे टेकू लागले आणि मी नव्वद वर्षांनी भिंतीबाहेर आलो. श्रावण मिस्त्रींनी माझी कुजलेली पाने हलक्या हाताने काढली. ओल्या मातीचे लेप देऊन आतले तेल आणि खार ओढून घेतले. शेजाऱ्याने सिमेंट सुचवले, तेव्हा ते म्हणाले की चुना दगडाला श्वास घेऊ देतो, सिमेंट त्याचे नाक दाबते. मग भिंतीतली जागा थोडी रुंद करून मला चुन्यात निजवले, बाणाचे टोक आभाळाकडे करून. उंची कमी पडली, तिथे माझ्या जातीचा एक नवा दगड वर बसला. टेकू निघाले. भार आला, माझ्या साऱ्या पानांवर सारखा पसरला आणि स्थिरावला. नामात मन लागावे, तसा मी त्या भाराखाली शांत झालो.

शेंदराचे कवच नत्थुजींनी लाखपुरीला नेऊन पूर्णेत सोडले. ते हात जोडूनच सोडले, कारण त्यात त्यांच्या आईची बोटे होती.

परवा गल्लीतली नवी सून शालू तेलाची वाटी घेऊन आली. नत्थुजींनी तिला अडवले.

"तेल नको पोरी. तो देव नाई, आमच्या घरचा माणूस आहे."

तिने विचारले, मग नमस्कार कुठे करू? ते पायरीवर सरकले आणि तिला बसायला जागा दिली.

आता रोज पहाटे ते माझ्याच अंगाला पाठ टेकून भजन म्हणतात. खंजिरीचा ठेका त्यांच्या पाठीतून माझ्या थराथरात उतरतो. आपणही कधी या गल्लीत आलात, तर तेल-शेंदूर आणू नका. दमला असाल, तर घटकाभर पाठ टेका. मला पेलते.