हळू बोलणारी अंगणवाडी

सत्यभामाने पडद्याचा खालचा काठ तांदळाच्या पोत्याखाली दाबला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि तरी समाधान होईना म्हणून वरच्या दोरीला आणखी एक गाठ मारली. पडदा म्हणजे तिचीच एक जुनी जांभळी साडी. त्यामागे अंगणवाडीची कोठी होती, आणि कोठीत या घडीला तिथे असायला नकोत अशा तीन गोष्टी होत्या. तिन्ही श्वास घेत होत्या.

"सुंदरबाई, हवा आली तं उडन का हे?"

"नाई उडत." मदतनीस सुंदरबाईचा आवाज आतून आला. "तुमी बाहीरचं पाहा. मी हालत नाई इथून."

"अन् रडलं कोणी तं?"

"तोंडात बोट देईन. तुमच्या नाई, लेकराच्या."

सत्यभामाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. आज तपासणी होती. आयएसओ मानांकनासाठी मॅडम येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर टोल्यावरच्या, या छोट्या वस्तीच्या अंगणवाडीला प्रमाणपत्र मिळणार होतं आणि दारावर लावायला पाटी. नाल्यापलीकडच्या गावात अशी पाटी दोन वर्षांपासून होती. तिथल्या सेविकेने ती एवढ्या उंच लावली होती की मोटारसायकलवरून जाणाऱ्यानेही मान वर करून वाचावी. दर महिन्याच्या बैठकीत ती "आमच्याकडे आयएसओ झाल्यापासून" अशी सुरुवात करी, आणि सत्यभामाच्या अंगाचा तिळपापड होई.

या टोल्याने तरी काय कमी केलं होतं? भैयाजी सरपंचांनी वर्गणी गोळा करून भिंती रंगवून घेतल्या होत्या. एका भिंतीवर आगगाडी होती, तिच्या डब्याडब्यातून आंबे, सीताफळं आणि एक भलंमोठं वांगं प्रवास करत होतं. हात धुवायचे नळ मुलांच्या उंचीला बसवले होते. मागे परसबाग होती, तिच्यात शेवगा होता. सत्यभामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. जाण्याआधी ती पाटी दारावर लागलेली पाहावी, एवढंच तिला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

घोळ झाला तो तारखेचा. तपासणी नेमकी रोवणीच्या दिवसांत आली. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की या टोल्यावर बाई म्हणून घरात उरत नाही. सुना जातात, सासवा जातात. पूर्वी अंगावरची लेकरं बांधीच्या धुऱ्यावर, भातखाचराच्या बांधावर, छत्रीखाली निजवून आया चिखलात उतरायच्या. एका वर्षी रस्त्याने जाताना सत्यभामाला अशीच एक छत्री उलटलेली दिसली. खाली लेकरू होतं, त्याच्या तोंडावर पाणी पडत होतं, आणि आई दूरच्या बांधीत पाठमोरी वाकलेली होती. सत्यभामाने ते लेकरू उचललं आणि सरळ अंगणवाडीत आणलं. तेव्हापासून दर रोवणीत तान्ही मुलं दिवसभर कोठीत झोपत. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं. तीन वर्षांच्या आतल्यांना आहार घरी द्यायचा, महिन्याला वजन करायचं, एवढंच सरकारचं म्हणणं. त्यांना अंगणवाडीत ठेवून घेणं, तेही धान्याच्या कोठीत, म्हणजे तपासणीत थेट नापास.

म्हणून काल तिने घरोघरी जाऊन सांगितलं होतं की उद्याच्या दिवस लेकरं आणू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि सकाळी दार उघडते तर समोर रीता, खांद्यावर तिचा भुपेंद्र. नाव एवढं मोठं आणि पोरगं बोटभर.

"काल काय सांगतलं होतं तुले?"

"सासू तापानं पडली, मावशी." रीता खाली बघत म्हणाली. "बाया निघाल्या बी. गुत्त्याचं काम आहे, ठेका घेतला सगळ्यायनं मिळून, एक बाई कमी झाली तं बाकीच्यायवर भार पडते. तुमी नाई म्हणत असान तं मी नाई जात."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि उभी राहिली.

"दे इकडं," सत्यभामा म्हणाली.

तिने हात पुढे केल्याबरोबर भिंतीच्या कोपऱ्याआडून आणखी दोघीजणी लेकरं घेऊन पुढे आल्या. रीताला काय उत्तर मिळतं ते पाहायला त्या तिथे थांबल्या होत्या.

मॅडमची गाडी आली तेव्हा मुलं गोल करून बसली होती. कामिनी मॅडम वयाने लहान होत्या, सत्यभामाच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी न सांगता चपला बाहेर काढल्या, ड्रायव्हर ताराचंदला सावलीत बसायला सांगितलं आणि कामाला लागल्या. नळ सोडून पाहिले. वजनकाट्यावर स्वतःची पर्स ठेवून काटा बरोबर आहे का ते पाहिलं. खिचडीचा घास खाल्ला, आणि एक घास पुरे असताना तीन खाल्ले. परसबागेतल्या शेवग्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "शेंगा मुलांच्या पोटात जातात ना? की गावाच्या?"

"अर्ध्या अर्ध्या," सत्यभामा म्हणाली, आणि मॅडम हसल्या.

सगळं मनासारखं चाललं होतं. सत्यभामाचा एक कान मात्र पडद्याला चिकटलेला होता. आतून चकार आवाज नव्हता. एवढी गुणी झोप त्या तिघांनी जन्मात घेतली नसेल.

मग मॅडम मुलांजवळ खाली बसल्या. "मला गाणं म्हणून दाखवता?"

गाण्याचं काम मोनूचं. मोनू गायला लागला की तलावावरची गुरं मान वळवतात, असं सुंदरबाई म्हणायची. आज मोनूने तोंड उघडलं आणि आतून वारा निघावा तसं गाणं निघालं. बाकीची मुलं त्याच्यामागून कुजबुजली. हातवारे सगळे बरोबर होते, आवाज तेवढा नव्हता.

"मोठ्याने म्हणा की," मॅडम म्हणाल्या.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्यभामाने मॅडमच्या पाठीमागून हात वर करकरून खूण केली. मुलं आणखीच हळू झाली. तेवढ्यात गुंजनने रचलेल्या ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. ठोकळे खडखडत फरशीवर पसरले, आणि सगळ्या पोरांनी श्वास रोखून सत्यभामाच्या दिशेने पाहिलं. गुंजनने एकेक ठोकळा दोन्ही हातांनी उचलून, काचेचा असावा तसा खाली ठेवला. पुन्हा जागेवर गेली ती चवड्यांवर चालत.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलेलं सत्यभामाला दिसलं.

"रोज इतकीच शांत असतात मुलं?"

"नाई हो. रोज तं डोक्सं खातेत. आज काहून अशी करून राहिली, समजत नाई मले."

मॅडमनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. त्या उठून सत्यभामाजवळ आल्या.

"ताई, बाकी सगळं छान आहे. खरंच छान आहे. मानांकन अडणार नाही. पण एक शेरा मला लिहावा लागेल." त्या जरा थांबल्या. "मुलं भीतीखाली वाटतात. मघाशी ठोकळे पडले, तेव्हा सगळ्यांनी आधी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही रागावता का फार? कधी हात वगैरे?"

"मी?" सत्यभामाचा आवाज चढला.

तो चढताक्षणी गुंजनने तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मोनूनेही ठेवलं. त्यांचे डोळे तिच्यावर नव्हते. तिच्या खांद्यावरून मागे, जांभळ्या पडद्यावर होते. मघाशी ठोकळे पडले तेव्हाही ती त्या पडद्यापुढेच उभी होती.

आणि तिच्या लक्षात आलं. पडदा वर बांधलेला असला की हुंदडायचं, खाली सोडलेला असला की आत बाळं निजली आहेत, हळू बोलायचं. रोवणीच्या दिवसांत या अंगणवाडीत हे असंच चालायचं. मोठ्या पोरांनी धाकट्यांना शिकवलं, ती मोठी होऊन शाळेत गेली, धाकट्यांनी पुढच्यांना शिकवलं. पडदा तिने आज स्वतःच्या हाताने सोडला होता आणि वर पोरांना मोठ्याने गा म्हणत होती. तिला हसावं की रडावं तेच कळेना.

आता फक्त गप्प राहायचं होतं. मानांकन अडणार नाही, असं मॅडम स्वतःच म्हणाल्या होत्या. पाटी लागली असती. आत कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं राहिलं असतं की या बाईला मुलं भितात, आणि ती ओळ गावात कोणी वाचली नसती. सत्यभामाने या विचाराला मनात बसायला जागा देऊन पाहिली. तो बसेना. इतकी वर्षं जिच्या पदराला शेंबूड पुसला गेला त्या बाईला हे सोसण्यासारखं नव्हतं.

ती पडद्यापाशी गेली. पोतं सरकवलं आणि साडी एका बाजूला केली.

"या मॅडम. पाहा."

आत सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन लेकरं लुगड्याच्या झोळ्यांत होती, भुपेंद्र तिच्या मांडीवर. उजेड आल्याबरोबर तिचं तोंड उघडंच राहिलं, पण मांडी हलायची थांबली नाही.

कामिनी मॅडम चौकटीत उभ्या राहिल्या. बोलल्या तेव्हा त्यांचाही आवाज आपोआप खाली आला होता.

"कोणाची आहेत ही?"

"रोवणीले गेलेल्या बायांची."

"पटावर आहेत?"

"कुठून राहतीन? तीन वर्साच्या आतली आहेत."

"आणि तुम्ही ह्यांना पोत्यांजवळ ठेवता? कोठीत?"

"धुऱ्यावर पाण्यात ठेवण्यापरीस बरं," सत्यभामा म्हणाली.  "थे निजले आहेत म्हणून पोरं हळू बोलून राहिले. दुसरं काई नाई."

मॅडमनी एकदा मागे वळून मुलांकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं. 

"मावशी," त्या म्हणाल्या, आणि ताईची मावशी कधी झाली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही, "तुम्ही पडदा उघडला नसता तर मी उघडला नसता. आता पाहिलंय, तर लिहावं लागेल. धान्याच्या कोठीत तान्ही मुलं ठेवली असली की मानांकन देताच येत नाही."

"लिवा. तुमचं कामच थे आहे." सत्यभामाने डोळे पदराने पुसले. लाजायचं काही कारण उरलं नव्हतं. "पण थे भेवाचं नका लिवू. माह्या लेकरायले माहं भेव नाई."

 मॅडमनी कागद फाइलमध्ये घातले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडल्या. ताराचंदने घाईघाईने गाडीत बसून किल्लीला हात घातला, तोच मॅडमनी हात वर केला.

"इथे नको. खाली नेऊन सुरू कर."

ताराचंदला काही उमगलं नाही, पण अंगणवाडीपासून तलावाच्या पाळीपर्यंत, काठच्या बांधापर्यंत, उतार होता. त्याने ब्रेक सोडला, दार उघडं ठेवून एका पायाने गाडीला रेटा दिला. गाडी आवाज न करता उतारावरून घरंगळत निघाली आणि मॅडम तिच्यामागून पायी.

सत्यभामा दारात उभी राहून पाहत होती.  वर्गणीतून रंगवलेल्या भिंती, मुलांच्या उंचीचे नळ, भैयाजींना आता काय सांगायचं, सगळं एकदम मनात गोळा झालं. सुंदरबाई भुपेंद्रला घेऊन मागे येऊन थांबली.

"गेली नं पाटी?"

"गेली."

"कायले उघडला मंग पडदा?"

सत्यभामा तिच्याकडे वळली. तेवढ्यात भुपेंद्रने डोळे उघडले, आपण कुठे आहोत ते पाहिलं आणि जी आरोळी ठोकली तिने झोळ्यांतली बाकीची दोघंही जागी झाली.

"बाळं उठले," मोनू म्हणाला.

मग मात्र अंगणवाडीचं छप्परच उडायचं बाकी राहिलं. सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. मोनूने गाणं पहिल्यापासून धरलं, बेंबीच्या देठापासून धरलं, आणि बाकीची पोरं त्याच्या वरचढ ओरडत उड्या मारू लागली. कोणी ठोकळे थाळीवर बडवत होतं. गुंजन धावत आली, सत्यभामाच्या कमरेला मिठी मारून तिला आत ओढायला लागली, ओढता येईना तर तिच्या पोटावर डोकं आपटून हसायला लागली. तिन्ही लेकरं रडत होती, त्यांचं रडणंही त्या गाण्यात कुठल्या कुठे बुडून गेलं.

सवयीने सत्यभामाच्या तोंडात आलं, अरे हळू. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं.

गाडी पाळीवर थांबली होती. ताराचंदने ती सुरू केली नव्हती. कामिनी मॅडमचा एक पाय आत होता. त्या तशाच, दाराला धरून, चढावरून खाली येणारा आवाज ऐकत उभ्या होत्या. मग त्यांनी पाय बाहेर काढला, सीटवरची फाइल उचलली, शेऱ्यांचं पान वर काढलं आणि पेनाचं टोपण उघडत परत चढ चढायला लागल्या.

सत्यभामाने पोरांना गप्प केलं नाही.