लोणचं, पापड आणि तीनदा नको

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास ग्लासगोतल्या एका विद्यापीठाला असं वाटू लागलं की, माणसानं एकट्यानं संशोधन करणं काही बरं दिसत नाही. पैसे हवे असतील तर निदान चार विभागांनी एका टेबलाभोवती बसावं, मग त्यांना एकमेकांचं बोलणं कळो वा न कळो.

डॉ. पद्माकर रिसबूड यांच्या हे पथ्यावर पडलं. ते बरीच वर्षं हॉस्पिटलात रजिस्ट्रार होते. रजिस्ट्रार म्हणजे कन्सल्टंटच्या, बड्या डॉक्टरच्या, हाताखालचा डॉक्टर; हे पद तरुणांसाठी असतं. पद्माकरांच्या हाताखाली शिकलेले दोन तरुण कन्सल्टंट होऊन आता त्यांनाच सूचना देत होते. शेवटी प्रोफेसर लॉरिमर म्हणाले, "उन्हाळ्यात कन्सल्टंटची एक जागा निघतेय. ईस्टरपर्यंत पुरं झालेलं संशोधन दाखवा, तुमचं नाव मी पुढे करतो. पण माणसं साठ हवीत. साठाच्या खाली संख्याशास्त्राचे लोक कॉफीसुद्धा पीत नाहीत."

विषय ठरला तो असा: मराठी घरांतलं मीठ आणि मराठी माणसाचा रक्तदाब. वैद्यक विभागानं दंडाला पट्टा बांधायचा आणि घरच्या लोणच्यातलं मीठ मोजायचं, कॉम्प्युटर विभागानं आकडे साठवायचे, बिझनेस स्कूलच्या मिस्टर ड्रमंडनी मराठी माणसानं रोज एक पापड कमी खाल्ला तर सरकारचे किती पौंड वाचतील याचा हिशेब करायचा, आणि कायदा विभागानं या सगळ्यांवर लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवणाऱ्या होत्या मिस रँकिन. पश्चिमेकडच्या बेटांवर वाढलेल्या, उंच, आणि वाक्य संपल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी नियम घालून दिला. "डॉक्टरपुढे माणूस आधीच दबलेला असतो. म्हणून एकदाच विचारायचं, स्पष्ट शब्दांत. नाही म्हणाला तर आभार मानून पुढे जायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दबाव." पद्माकरांनी आरशासमोर उभं राहून तालीम केली. 'धन्यवाद' हा शब्द तर त्यांना फारच छान जमू लागला.

ग्लासगोच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता. पद्माकरांनी सुरुवात अध्यक्षांपासून केली.

"शशिकांतराव, आमच्या संशोधनात भाग घ्याल का?"

"छे हो डॉक्टर, आम्हाला कशाला? चांगली तब्येतीची माणसं बघा."

"धन्यवाद," म्हणून पद्माकर पुढे गेले. शशिकांत नाबर पुढचं वाक्य तयार ठेवून तसेच उभे राहिले.

"प्रमोदिनीबाई, तुम्ही?"

"अय्या, मी नको बाई. मला काय कळतंय त्यातलं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली.

"धन्यवाद."

असे ते हॉलभर फिरले. परतताना गाडीत त्यांच्या पत्नी सुप्रभाबाईंनी विचारलं, "किती जमले?"

"एकही नाही. आपल्या लोकांना विज्ञानाची काही पडलेलीच नाही."

"नको म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"धन्यवाद म्हटलं."

"आणि मग?"

"मग काय? पुढच्याकडे गेलो."

सिग्नलला गाडी थांबली तशा सुप्रभाबाई त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवलंत आणि पहिल्या नको-ला ताट उचललंत," त्या म्हणाल्या. "तरीच प्रमोदिनी मला म्हणत होती, डॉक्टर हल्ली तुसडे झालेत. बाही वर केली तरी बघितलं नाही."

"अगं, नियम आहे तसा."

"कुणाचा?"

"मिस रँकिनचा."

"त्यांना रविवारी जेवायला बोलवा."

मिस रँकिन आल्या. कॉम्प्युटर विभागाची सुमेधाही आली. ती मंडळाच्या खजिनदारांची मुलगी, जन्म ग्लासगोचा, मराठी चुकतमाकत पण हौसेनं बोलायची. मिस्टर ड्रमंड गोल्फला गेले होते. बोलणं बरंचसं इंग्रजीत झालं, पण वळण मराठीच होतं.

श्रीखंडाची पहिली वाटी मिस रँकिननी चमचा दोनदा फिरवून संपवली.

"आणखी घेणार?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

"नको नको, पोट अगदी भरलंय."

"धन्यवाद," म्हणून सुप्रभाबाई भांडं घेऊन सुमेधाकडे वळल्या. सुमेधा नको म्हणाली. पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्या नको-च्या वेळी तिनं वाटीवर हात धरला, तर बोटांच्या फटीतून श्रीखंड आत गेलं. पद्माकरांना कोणी विचारलंच नाही, नुसतं वाढलं.

मिस रँकिन हे बघत होत्या. "तुम्ही सुमेधाला तीनदा विचारलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला एकदाच."

"तुमचा नियम आहे ना. तुमच्यावर दबाव यायला नको."

श्रीखंडात केशर सढळ होतं.

"आमच्या बेटावर," मिस रँकिन सावकाश म्हणाल्या, "पहिल्याच विचारण्याला कोणी हो म्हटलं तर माझी आई नंतर त्याच्या घरच्यांची कीव करायची."

"मग आता तुम्ही काय करताय?"

"वाट बघतेय," मिस रँकिन भांड्याकडे बघत म्हणाल्या.

"माझा कॉम्प्युटर पण असंच करते, काकू," सुमेधा म्हणाली. "फाइल पुसून टाक सांगितला की विचारते, नक्की? एकदा सांगून ऐकतच नाही."

"चांगल्या घरातला दिसतो," सुप्रभाबाई म्हणाल्या. पण भांडं त्यांनी जागचं हलवलं नाही.

शेवटी मिस रँकिननी पेन काढलं आणि कागदी नॅपकिनवर नियम दुरुस्त केला. या समाजात तीनदा विचारण्यास हरकत नाही. मध्ये सभ्य अंतर असावं. तिसरं नाही मात्र अंतिम, त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. सुप्रभाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग वाढलं. याला कायद्यात दबाव म्हणतात की नाही, हे मिस रँकिन सांगू शकल्या नाहीत, कारण त्यांचं तोंड भरलेलं होतं.

त्यानंतर काम झपाट्यानं चाललं. नाबर दुसऱ्या विचारण्याला तयार झाले आणि "आता एवढं म्हणताय तर" असंही म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी प्रश्न संपायच्या आत बाही वर केली. अलका म्हणून एक बाई तीनदा नाही म्हणाल्या. तो खरा नकार होता, आणि पद्माकरांनी तो मान लववून स्वीकारला. पण ईस्टरला दोन आठवडे उरले असताना माणसं झाली एकोणसाठ आणि ग्लासगोतला मराठी समाज संपला. तिकडे लंडनजवळ स्लाऊला आणि हाउन्सलोला माणसं ढिगानं होती, पण अर्जात ग्लासगो लिहिलेलं होतं.

उरलं होतं फक्त घरचं माणूस. पट्टा दुसऱ्या कोणी बांधला तर बायको चालेल, असं मिस रँकिननी सांगितलं. पद्माकरांनी नाश्त्याच्या वेळी विचारलं.

"नको," सुप्रभाबाई म्हणाल्या.

टोस्टवर लोणी लावून होईपर्यंत त्यांनी सभ्य अंतर ठेवलं. पुन्हा विचारलं.

"नको."

बूट घालताना तिसऱ्यांदा विचारलं.

"नको म्हटलं ना."

संपलं. "का, एवढं सांगशील?" त्यांनी विचारलं. "हा वेगळा प्रश्न आहे, नियमात येत नाही."

"माझं लोणचं प्रयोगशाळेत नेणार, त्यातलं मीठ मोजणार. मग तो ड्रमंड माझ्या बरणीचा देशाला किती तोटा होतो ते सांगणार. आणि मंडळात तुम्ही पडद्यावर दाखवणार."

पद्माकर कामावर गेले. मिस रँकिननीही हात वर केले. "तिसरं नाही अंतिम. नियम तुमच्याच टेबलावर झालाय."

शनिवारी संध्याकाळी पद्माकर लॉरिमरना पत्र लिहायला बसले. एकोणसाठच जमले, तेव्हा माझं नाव पुढे केलं नाहीत तरी समजू शकतो, वगैरे. सुप्रभाबाई भाजी चिरत होत्या. वाटाघाटीत नवऱ्यानं एकदाही आवाज चढवला नव्हता, हे त्यांना जास्त लागलं होतं. चौथ्यांदा विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"मी आपणहून भाग घेते म्हटलं तर?" त्या विळीकडे बघत म्हणाल्या.

पद्माकरांनी मिस रँकिनना फोन लावला. उत्तर आलं, "बंधन विचारण्यावर आहे. देण्यावर नाही."

"बरणीवर माझं नाव नाही यायचं," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"नाही येणार."

"आणि मी म्हटल्याबरोबर लगेच फोन लावलात. एकदा तरी नको म्हणायचं."

"ईस्टर आला, सुप्रभा."

सोमवारी हॉस्पिटलच्या सिस्टरनं पट्टा बांधला, सुमेधानं आकडा भरला. सुप्रभाबाईंच्या लोणच्यात मीठ साऱ्या समाजात सगळ्यांत जास्त निघालं. रक्तदाब निघाला विशीतल्या मुलीचा. आलेखावर सगळे ठिपके शहाण्यासारखे एका तिरप्या रेषेजवळ उभे होते आणि एक ठिपका खाली उजव्या कोपऱ्यात एकटाच मजेत बसला होता. लॉरिमर त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की, असा ठिपका आहे म्हणजे बाकीचे खरे असावेत.

जूनमध्ये पद्माकर कन्सल्टंट झाले. त्या रात्री जेवताना सुप्रभाबाईंनी छापलेला आलेख समोर धरला. "हा मी ना? मग सांगा की मंडळात, लोणच्यानं काही होत नाही म्हणून."

"एका माणसावरून तसं म्हणता येत नाही, सुप्रभा."

"एका माणसावाचून तुमचं अडलं होतं, ते म्हणता येतं ना?"

पद्माकरांनी ताट पुढे केलं. त्यात लोणचं पडलं, जरा जास्तच.