शिवाचे रोमन खांब

शिवानं नव्या बंगल्याचे खांब चुकीचे बसवले, ही बातमी सानपाड्याच्या गावठाणात अशी पसरली की काही विचारू नका. शेजारच्या केशरबाईनं ती त्याच्या बायकोच्या, गोजराच्या कानावर घातली, वर पोटभर हसलीही. गोजराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधीच ती बंगल्यात जायला राजी नव्हती. काचबिंदूनं तिची नजर नेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते कळायचं. पण जुन्या घरात तिचं कुठं म्हणून अडत नसे. तिथल्या छत तोलणाऱ्या लाकडी मेढी तिच्या हाताला पाठ होत्या. गाठ लागली की देव्हारा, तडा लागला की चूल. बंगल्याच्या भिंती मात्र ऑइलपेंटनं गुळगुळीत केलेल्या, हाताला काही सांगतील तर शपथ! जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकलेल्या बाईनं आता सुनेचा हात धरून मोरीत जायचं? तिनं घरात सांगून टाकलं होतं, वास्तुशांत तुमची तुम्ही करा, मी इथंच मरेन. आणि वास्तुशांत झाली की जुनं घर पाडायचं ठरलेलं.

नवऱ्याला मात्र खांबांचं खूळ. तेव्हा नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींचे पैसे आले होते आणि गावोगाव बंगल्यांपुढे रोमन खांब उभे राहत होते. मुलगा तेजस शिकलेला. हे मूळचं ग्रीक लोकांचं, असं त्यानं आईला सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी ते देवळांना असले खांब लावायचे, रोमनांनी ते उचलले, इंग्रजांनी मुंबईत आणले, आणि आता आपला कारागीर सिमेंटच्या साच्यात ओततो. मग देवालाच ठेवा त्या घरात, असं म्हणून गोजरानं तोंड फिरवलं.

त्या खांबांची पानांची नक्षी असते अगदी वर, छताला टेकलेली. शिवानं ती कमरेएवढ्या उंचीवर बसवायला लावली, आणि नुसती दारात नाही, घराच्या आतसुद्धा खांब घेतले. कारागिरानं डोक्याला हात लावला, तेजस चिडला. पण हा बाबा कारण सांगेल तर ना!

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तो गोजराजवळ येऊन बसला. एकदा चल, नाही पटलं तर जुनं घर पाडणार नाही, म्हणाला. चांगलं सुनवायचं ठरवूनच ती निघाली. दारात त्यानं तिचा हात सोडून दिला. गोजरा घाबरली, रागावली, आणि आधाराला हात पुढे केला.

बोटांना पानं लागली. काटेरी कडांची, दाट. खाडीकाठच्या चिखलात असलीच पानं तिच्या पोटऱ्या ओरबाडायची, आणि नवं लग्न झालेला शिवा घरी बसून काटे काढायचा.

"मरांडी हाय ही," ती हळूच म्हणाली.

"ग्रीकांची हाय म्हनतात. फुरं जा तू."

ती पुढे गेली. दुसऱ्या खांबाला पानं नव्हती, नुसत्या उभ्या खाचा. पलीकडच्या स्वयंपाकघरात उद्याची तयारी चालली होती, फोडणीचा वास आला. तिसऱ्याला जाड कडं होतं आणि पायाला मोरीची ओली फरशी लागली. गोजरा एकटी तिथवर गेली आणि एकटीच परत आली.

"लोकं हसतात तुमाला," ती म्हणाली.

"हसू दे. वर लावली असती त तुना कशी दिसली असती?"

गोजरानं पदर डोळ्यांना लावला. एवढं प्रेम हा माणूस तोंडानं जन्मात बोलला नव्हता.

वास्तुशांतीला केशरबाई आली आणि एवढ्या मोठ्या घरात मोरी कुठं, म्हणून बावरून उभी राहिली. गोजरानं तिचा हात धरला आणि तिला नीट तिथवर नेऊन सोडलं.