गरम वीट

इसोलिनानं नवऱ्याच्या गळ्यात लोखंडी किल्ली अडकवली आणि मानेमागं दोरीची गाठ मारली. एर्मेतेला गाठ ढिली वाटली. त्यानं ती सोडून पुन्हा बांधायला लावली आणि तोवर आरशात स्वतःला न्याहाळत राहिला. अंगात गोणपाटाचा झगा, पाय अनवाणी, कपाळाला राख. गद्दाराचं सोंग त्याला शोभत होतं आणि शोभतंय हे त्याला ठाऊकही होतं.

"हाक मारायची घाई करू नकोस," तो म्हणाला. "दुसऱ्या ठोक्यानंतर जरा थांब. लोकांचा श्वास अडकू दे."

"नाही करत घाई."

"आज प्रांताच्या कचेरीतली बाई येणार आहे. तिच्या डोळ्यांत एकदा पाणी आलं की किल्लेदारीची नोकरी आपलीच समज."

इसोलिनानं गाठ ओढून बघितली. आता घट्ट बसली होती.

कास्तेल्फोस्कोत दर ऑगस्टला कुणीतरी एकजण गद्दार होतो. फार पूर्वी बेर्तो नावाच्या पहारेकऱ्यानं शत्रूला खालचा दरवाजा उघडून दिला होता म्हणे. गावानं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त त्याच्याकडं पाठ फिरवली. एकट्या आईनं त्याला नावानं हाक मारली, म्हणून तो गावात राहू शकला. तेव्हापासून शिरस्त्राणात चिठ्ठ्या टाकून एक नाव काढतात. तो माणूस किल्ल्यातून खालच्या दरवाजापर्यंत चालत येतो आणि सगळं गाव भिंतीकडं तोंड करून गप्प उभं राहतं. घंटेचे तीन ठोके पडतात. तिसऱ्याच्या आत त्याच्या घरच्या माणसानं हाक मारायची. दुसऱ्या कुणाची हाक चालत नाही. हाक आली की गाव वळतं, गळाभेटी होतात आणि चौकात भाजलेल्या डुकरावर सगळे तुटून पडतात.

हाक आली नाही, तर दरवाजा त्याच्या पाठीमागं बंद होतो आणि पुढच्या सणापर्यंत त्यानं गावात नि किल्ल्यात पाऊल टाकायचं नाही. असं एकदाच घडलंय. गावातल्या म्हाताऱ्या पाल्मिरा मावशीच्या चुलत्याची आई उन्हात उभ्या उभ्या पेंगली होती. चुलता तणतणत अर्जेंटिनाला गेला तो गेलाच. गाव ही गोष्ट अजून पोट धरधरून हसत सांगतं. पण त्या वर्षी दरवाजा उघडावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कास्तेल्फोस्कोची माणसं एरवी लबाड, चुलीवरच्या भांड्यातलंसुद्धा लांबवतील, पण सणाचा नियम मोडायचा म्हटलं की त्यांचे हात लुळे पडतात.

एर्मेते आलेल्या पाहुण्यांना किल्ला दाखवायचा. त्याच्या जिभेवर साखर होती. भिंतीतल्या साध्या भोकाचीसुद्धा तो अशी कथा करी की बायका डोळ्यांना रुमाल लावत. किल्ल्याच्या पश्चिमेच्या खिडकीखाली त्याचंच घर होतं. इसोलिना गच्चीवर कपडे वाळत घालायची, तेव्हा वरून अनोळखी माणसं तिला हात करायची. तीही ओला हात वर करून हलवायची. किती भली माणसं येतात, असं तिला वाटायचं. कधीकधी ती आपलं जुनं पोलकं बदलून गच्चीवर जायची.

जूनमध्ये एर्मेते रक्तदाबाची गोळी घरी विसरून गेला. ती द्यायला ती वर चढली. लग्नानंतर ती किल्ल्यात क्वचितच गेली होती. पश्चिमेच्या दालनात मिलानकडच्या पाहुण्यांची एक टोळी उभी होती. ती त्यांच्या मागं थांबली.

खिडकीपाशी, लाल दोरीच्या पलीकडं, जमिनीवर डुलणारा लाकडी पाळणा होता. उजव्या कडेला ओरखडा होता. तो तिच्या शिवणाच्या कात्रीनं पडलेला. हा पाळणा आपण गरजू चुलतबहिणीला देऊन टाकला, असं एर्मेतेनं तिला सांगितलं होतं. पाळण्यात तिनं विणलेली पिवळी शाल होती आणि शालीत गुंडाळलेली वीट.

"काउंटेसची मुलगी पाचव्या दिवशी गेली," एर्मेते सांगत होता. त्याचा आवाज खाली उतरला होता. "पण आई रोज संध्याकाळी वीट चुलीत तापवायची, शालीत गुंडाळायची आणि पाळण्यात ठेवायची. अंथरूण गार पडू नये म्हणून. शेंगा सोलत बसायची आणि पायानं पाळणा हलवायची. अख्खा हिवाळा."

एक बाई नाक पुसायला लागली. तो हिवाळा इसोलिनाचा होता, ती मुलगीही. तिच्या मुठीत गोळीची पुडी चुरगळली.

मग त्यानं आवाज चढवला. "आणि त्या घराण्यातली शेवटची बाई इथं खाली राहते. कपडे वाळत घालते. डोक्यानं जरा अधू आहे, बिचारी. पण हात केलात तर हात करते. आज दिसत नाही, तुमचं नशीब."

सगळे हसले. तीच रडणारी बाईसुद्धा हसली. पुडी दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवून इसोलिना खाली उतरली.

रात्रीच्या जेवणाला तिनं शेंगांचं कालवण वाढलं आणि पाळण्याचं विचारलं. तो जराही वरमला नाही. लोकांना रडायला काहीतरी लागतं, तो पाव मोडत म्हणाला. तोफा आणि तटबंदी बघून कुणी रडत नाही.

"आपल्या घरातलंच का?"

"आपल्या घरातलं आहे हे कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू काय तिकीट काढून येणार आहेस?" त्यानं हसून तिचा गाल चिमटला.

पाळणा परत आण, असं ती म्हणाली. तो आता किल्ल्याच्या वस्तूंत धरला गेलाय, हलवता येत नाही, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती कपडे आतल्या खोलीत वाळवू लागली. आठवडाभरानं तोच कुरकुरला.

"कपडे गच्चीवरच घाल ना. लोक विचारतात, वेडी कुठंय म्हणून."

तिला खूप रडू आलं, पण कपड्यांची टोपली उचलून ती गच्चीवर गेली. लोकांनी वरून हात केले आणि तिनं खाली मान घालून चिमटे लावले. तिच्या मनात त्या दिवशी जे बसलं ते कुणाजवळ बोलून दाखवावं असं नव्हतं. त्यानंतर चिठ्ठी एर्मेतेच्या नावाची निघाली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, आणि तिनं त्याचा झगा शिवायला घेतला.

आता ती खालच्या दरवाजाशी, सगळ्या गावासारखी भिंतीकडं तोंड करून उभी होती. डाव्या बाजूला पाल्मिरा मावशी काठीवर टेकली होती. दरवाजाच्या फळीला पाठ लावून गाउदेन्त्सिओ खाटीक उभा होता. त्याच्यावर फळी ढकलायचं काम होतं. वर तटावर पाहुण्यांची दाटी होती. त्यांच्यात प्रांताच्या कचेरीतली बाई पांढरी टोपी घालून बसली होती.

अनवाणी पावलं दगडावर ऐकू येत होती. पहिला ठोका पडला. एर्मेते हळू चालत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. त्याला जमत होतं. तटावर कुणी खोकलंही नाही.

दुसरा ठोका पडला.

"हाक मार, पोरी," पाल्मिरा मावशी भिंतीकडं बघतच पुटपुटली.

हाक मारणाऱ्यानं आधी वळायचं असतं. इसोलिना वळली. तो दरवाजाच्या कमानीखाली उभा होता. चेहरा दुःखी होता, पण ओठाचा एक कोपरा हसत होता. त्यानं तिच्याकडं बघून बारीकशी मान हलवली. आता मार हाक.

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं पुन्हा मान हलवली, या खेपेला जरा जोरात. मग त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख पुसलं गेलं आणि तिथं वैताग आला, आणि वैतागाच्या मागून काहीतरी दुसरं, जे तिनं त्याच्या तोंडावर याआधी कधी पाहिलं नव्हतं.

इसोलिनानं उजवा हात वर केला आणि त्याला हात केला. गच्चीवरून करायची तसाच.

तिसरा ठोका पडला.

गाउदेन्त्सिओनं तिच्याकडं बघितलं नाही, बघायचं नसतंच. तो पाठीनं रेटा देत मागं सरकला. फळी कुरकुरत फिरली आणि एर्मेतेला बाहेर ढकलत मिटली. अडसर पडला. बाहेरून हसण्याचा आवाज आला.

"झालं, झालं. उघडा आता. किती ताणता."

कुणी वळलं नाही. हाक झालेली नव्हती.

"गाउदेन्त्सिओ, कचेरीतली बाई बघतेय रे."

गाउदेन्त्सिओ पायाखालच्या दगडाकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पाल्मिरा मावशीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि हळूच म्हणाली, "आमच्या चुलत्यानंसुद्धा असंच केलं होतं. थोडा वेळ हसला."

बाहेर एर्मेतेच्या गळ्यातली किल्ली लाकडावर आपटत होती. त्या किल्लीनं काहीच उघडत नाही, ती सणापुरती ठोकून घेतलेली. मग आपटणं थांबलं.

"इसोलिना," तो म्हणाला.

ती ऐकत होती.

"इसोलिना. अगं."

वर तटावरच्या माणसांना हा सणाचाच भाग वाटला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. पांढऱ्या टोपीच्या बाईनं डोळे पुसले आणि खाली एकट्याच वळून उभ्या असलेल्या बाईला हात केला. शेजारच्यांनीही केला.

इसोलिनानं मान वर केली आणि त्यांना हात केला.